आधी पाणी कुठलं ते शोधा, मग बुरशी कोणाची ते ठरेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाड्याच्या घरात तुम्ही दीड वर्ष राहताय. झोपायच्या खोलीत कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली आहे. त्याच खोलीच्या दुसऱ्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे, आणि त्या भिंतीला फरशीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत. घरमालक म्हणतात, "तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळत घालता, म्हणून हे झालं. रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार." तुम्ही म्हणता, घरच ओलं आहे. मुलीला रात्री खोकला येतो. खर्च कोणी करायचा, आणि तोवर भाडं थांबवलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान तुमचं आहे. भाडं परस्पर थांबवू नका. ओल कितीही खरी असली तरी थकलेलं भाडं दिसलं की भिंतीचा वाद बाजूला पडतो आणि तुम्हाला घराबाहेर काढण्याचा वाद सुरू होतो. काही ठिकाणच्या कायद्यांत भाडं कमी होण्याची किंवा दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय आहे, पण तिला अटी आहेत. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी इमारतींमधली ओल तपासतो. बावीस वर्षांत मला मालकांनीही बोलावलंय आणि भाडेकरूंनीही. दोघांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. मालक म्हणतात, "यांच्या आधी इथे कधी बुरशी नव्हती." भाडेकरू म्हणतात, "आम्ही आलो तेव्हाच कुबट वास होता." आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. म्हणून बुरशी कोणाची, या भांडणात मी सुरुवातीला शिरतच नाही. पाणी कुठून येतंय ते शोधतो. तो उगम सापडला की ते पाणी अडवणं कोणाच्या हातात होतं हे सहसा दिसायला लागतं. तुमच्या खोलीत माझ्या अंदाजाने दोन वेगवेगळ्या वाटांनी पाणी येतंय, त्यामुळे जबाबदारीही एकाच माणसावर येईल असं नाही.

आधी कोपरा घेऊ. बुरशीचे बीजाणू सगळ्या घरांत असतात, अगदी स्वच्छ घरांतही. खायला त्यांना रंग, पुट्टी, लाकूड, कागद, धूळ, काहीही चालतं. आपल्याला जी ऊब सुखाची वाटते तीच त्यांनाही मानवते. यातलं काहीच घरातून काढून टाकता येत नाही. आपल्या हातात उरतं ते फक्त पाणी. आणि बुरशीला भिंत ओलीचिंब असावी लागत नाही. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला तेवढं पुरतं. भिंत हाताला कोरडी लागते आणि तरी काळे ठिपके पसरत जातात ते यामुळे.

समजा खोलीतली हवा २० अंशांवर आहे आणि आर्द्रता ६० टक्के आहे. ही हवा काही वाईट नाही. पण तीच हवा थंड भिंतीला टेकली की तिची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. भिंतीचा पृष्ठभाग साधारण साडेपंधरा अंशांवर असेल तर त्याच्यालगत आर्द्रता ८० टक्के होते. पृष्ठभाग १२ अंशांपर्यंत उतरला तर भिंतीवर दवच पडतं. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली, तर भिंत साडेबारा अंशांपर्यंत गार पडली तरी बुरशी धरत नाही. म्हणजे हवेत वाफ किती आणि भिंत किती थंड, या दोन आकड्यांवर सगळं अवलंबून आहे. वाफ राहणाऱ्या माणसांकडून येते. भिंत किती थंड पडणार हे बांधकाम ठरवतं. मालक आणि भाडेकरू भांडतात ते इथेच.

बुरशी कोपऱ्यातच का येते? बाहेरच्या दोन भिंती जिथे मिळतात तिथे आतून ऊब घ्यायला जागा कमी आणि बाहेर उष्णता जायला जागा जास्त असते. भिंतीतून काँक्रीटचा खांब किंवा तुळई थेट बाहेरपर्यंत गेली असेल तर तिथून उष्णता आणखी वेगाने निघून जाते. त्यात कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं की खोलीची ऊब मागे पोचत नाही, वाफ मात्र पोचते. म्हणून कपाटामागची, पलंगाच्या डोक्याशी असलेली, जाड पडद्यामागची बुरशी बहुतेक वेळा हवेतल्या वाफेतून आलेली असते. तिला डागाची कड नसते, पोपडे नसतात, लोणा नसतो. नुसते ठिपके असतात, आणि ओल्या फडक्याने पुसले तर जातात.

एवढं वाचून मालकांना वाटेल की त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. पण हा अर्धाच हिशेब झाला. चार माणसांचं कुटुंब श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक आणि धुणं यांतून दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी हवेत सोडतं. एक धुणं घरात वाळलं की दोनेक लिटर पाणी हवेत येतं. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन खोलीत उतरतं. धूर बाहेर न सोडणारा गॅसचा हीटर वापरणाऱ्या घरांत मी नेहमी भिंती सादळलेल्या पाहतो, आणि त्या माणसांना हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं. हे पाणी कमी करता येतं, पण शून्यावर आणता येत नाही. म्हणून माझी कसोटी अशी आहे: चार माणसांसाठी भाड्याने दिलेल्या घरात चार माणसं चारचौघांसारखी राहिली आणि तरी भिंतीला बुरशी आली, तर दोष घरात आहे. कपडे बाहेर वाळत घालायला जागाच नसलेलं घर द्यायचं आणि कपडे आत वाळवले म्हणून दोष द्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

या कसोटीला दुसरी बाजूही आहे. एका घरात भाडेकरूंनी थंडी वाजते म्हणून भिंतीतले दोन्ही झरोके कागद कोंबून, वर चिकटपट्टी लावून बुजवले होते. बाथरूमचा पंखा आवाज करतो म्हणून त्याची तार काढून ठेवली होती. चार महिन्यांत छताची कड काळी झाली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही सफाई आणि हा रंग तुमच्याकडे लागतो. पण त्याच अहवालात हेही लिहिलं की एका झरोक्यातून गार वारा थेट पलंगावर येत होता आणि तो झरोका मुळातच चुकीच्या जागी पाडला होता. बुजवणं चूक होतं, पण का बुजवला हे समजण्यासारखं होतं. मालकांनी झरोका हलवला आणि भाडेकरूंनी रंग दिला. दोघांनी एकमेकांचं म्हणणं ऐकून घेतलं म्हणून ते प्रकरण आठवड्यात मिटलं.

याच्या उलटही पाहिलं आहे. एका इमारतीच्या मालकांनी चांगल्या हेतूने जुन्या लाकडी खिडक्या काढून घट्ट मिटणाऱ्या नव्या खिडक्या बसवल्या. जुन्या खिडक्यांच्या फटींतून रात्रंदिवस हवा खेळत होती, हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. पहिल्याच थंडीत तीन घरांत बुरशी आली. तिन्ही घरांतली माणसं तीच होती आणि त्यांच्या सवयीही त्याच होत्या. बदलल्या होत्या फक्त खिडक्या. "आमच्या खिडक्या नव्याकोऱ्या आहेत, म्हणजे चूक तुमचीच," असं त्या तीन कुटुंबांना महिनाभर ऐकावं लागलं. खिडकी घट्ट केली तर हवा बाहेर जायला दुसरी वाट द्यावी लागते, आणि ती देणं ज्याने खिडकी बदलली त्याचं काम आहे.

"खिडक्या उघडा" हा सल्ला सगळीकडे सारखा लागू पडत नाही. बाहेरची हवा थंड असेल तर ती आत येऊन तापल्यावर कोरडी होते. अशा वेळी समोरासमोरच्या खिडक्या दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं सताड उघडल्या की खूप वाफ निघून जाते. दिवसभर एक फट उघडी ठेवण्यापेक्षा हे चांगलं, कारण त्यात भिंत गार पडत नाही. पण बाहेर उबदार आणि दमट हवा असेल आणि आत तळघराची किंवा एसीने गार केलेली खोली असेल, तर उघडी खिडकी ओल आत आणते. तेव्हा खिडक्या मिटून आर्द्रता शोषणारं यंत्र लावणं बरं. कोणता सल्ला कधी लागू पडतो हे एक छोटं यंत्र सांगतं, ते म्हणजे आर्द्रतामापक. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्यावरचे आकडे लिहून ठेवा. घरातली आर्द्रता बहुतेक वेळ ४० ते ६० टक्क्यांत राहत असेल आणि तरी कोपरा काळा पडत असेल, तर भिंत फार थंड आहे हे तुम्ही दाखवून देऊ शकता. आकडा सतत ७०-७५ च्या वर असेल, तर वाफ कुठून येतेय आणि बाहेर का जात नाही हे आधी पाहावं लागेल. पंखा चालतो का, तो हवा खरोखर बाहेर टाकतो का की नुसताच फिरतो, झरोके मोकळे आहेत का? पंख्याच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरा. चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय.

आता बाथरूमची भिंत. तुमच्या वर्णनात पोपडे आहेत, फरशीजवळची हातभर उंची आहे आणि पलीकडे नळकाम आहे. या तिन्ही गोष्टी गळतीकडे बोट दाखवतात. खिडक्या उघडल्याने किंवा कपडे बाहेर वाळवल्याने हा पट्टा सुकणार नाही. तिथली सोपी तपासणी अशी: रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी पाणी वापरायच्या आधी पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर दाबाखालची पाइप गळतेय. हलला नसेल तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर, नहाणीच्या जाळीभोवतीच्या सांध्यावर किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर जातो. प्लंबर जाळीचं तोंड बंद करून फरशीवर बोटभर पाणी काही तास उभं ठेवून हे तपासू शकतो. पाणी उतरलं आणि पलीकडची भिंत अधिक ओली झाली तर प्रश्न मिटला.

भिंतीत गाडलेली पाइप, फरशीखालचा थर, स्लॅब, बाहेरचा गिलावा, छत या घराच्या मूळ अंगाच्या गोष्टी आहेत. त्यांची दुरुस्ती मालकाने करायची, मग भाडेकरू कसाही राहत असो. जाळीत अडकलेले केस न काढल्याने पाणी तुंबून बाहेर आलं, किंवा खिळा ठोकताना पाइप फुटली, तर ते भाडेकरूकडे जातं. गळती वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडून येत असेल तर त्याच्याशी किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाशी बोलणं मालकाचं काम. "तुम्हीच वर जाऊन सांगा" म्हणून मालकांनी भाडेकरूला पाठवलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. भाडेकरू सांगू शकतो, पण मालकीहक्काने दुरुस्ती करून घेण्याची ताकद त्याच्याकडे नसते.

पाणी यायच्या आणखी दोन वाटा आहेत, त्या तुमच्या घरी असतील असं वाटत नाही. तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीपर्यंतच जाते. तिची वरची कड भरतीच्या खुणेसारखी आडवी दिसते आणि तिथे पांढरा लोणा फुटतो. पावसाची ओल पावसानंतर एक-दोन दिवसांत गडद होते आणि उघडीप पडली की फिकी होते. तिचं मूळ बाहेरच्या तड्यात, खिडकीच्या खालच्या कडेत किंवा तुंबलेल्या पन्हळीत सापडतं. दोन्ही ओली इमारतीच्या आहेत.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी दोन्ही भिंतींवर करून पाहा. फूटभर चौकोनी ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीच्या जरा पुसलेल्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्की लावा आणि दोन दिवस ठेवा. ओलावा फॉइलच्या वरच्या, खोलीकडच्या बाजूला जमला तर तो हवेतून आलेला. खालच्या बाजूला जमला तर भिंतीतून येतोय. ही चाचणी अगदी काटेकोर नाही, पण दोन भिंतींवर दोन वेगळी उत्तरं आली तर फोटो मालकांना दाखवण्यासारखे असतात.

कोणी तज्ज्ञ दोन टाचण्यांचं ओलमापक भिंतीला टेकवून लाल दिवा दाखवू लागला तर तेवढ्यावर निकाल मानू नका. ही यंत्रं विजेचा रोध मोजतात आणि मुळात लाकडासाठी बनवलेली असतात. गिलाव्यात क्षार असले तर कोरड्या भिंतीवरही आकडा चढतो. एका जागेचा आकडा फारसं काही सांगत नाही. फरशीपासून छतापर्यंत वीतभर अंतराने घेतलेले आकडे खालून वर कमी होत जातात, की वरून खाली, की कोपऱ्याकडे वाढतात, त्यावरून बरंच कळतं. मी स्वतः असा नकाशा काढल्याशिवाय मत देत नाही. ओल अडवायला भिंतीत भरायचं रसायनाचं इंजेक्शन विकणाऱ्याकडून फुकट तपासणी करून घेतली तर उत्तर काय येणार हे तपासणीआधीच ठरलेलं असतं.

पाण्याच्या उगमाइतकंच महत्त्व तारखेला आहे. मालक त्या घरात राहत नाही. तुम्ही कळवेपर्यंत त्याला पोपडे दिसणार नाहीत. पोपडे आठ महिने पाहून गप्प राहिलात आणि तेवढ्यात गिलावा सुटून पडला, तर वाढलेल्या नुकसानीचा काही वाटा तुमच्याकडे येऊ शकतो, उगम मालकाच्या पाइपमध्ये असला तरी. उलट लेखी कळवल्यानंतर जे वाढेल त्याची जबाबदारी मालकावर जाते. तोंडी सांगितलेलं कोणी नाकारलं तर सिद्ध करता येत नाही. म्हणून आज रात्रीच एक साधं पत्र लिहा, ईमेल किंवा मेसेज चालेल. कुठली भिंत, केव्हा पहिल्यांदा दिसलं, किती उंची-रुंदी, सोबत फोटो. फोटोत मोजपट्टी ठेवा, म्हणजे महिन्याने घेतलेल्या फोटोशी तुलना करता येईल. घर पाहायला आणि प्लंबर पाठवायला कोणत्या वेळा चालतील ते लिहा, कारण भाडेकरूने आतच येऊ दिलं नाही ही मालकांची एक खरी तक्रार असते. मुलीच्या खोकल्याचा उल्लेख करा, पण बुरशीमुळेच खोकला आहे असं लिहू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या. आरोप करू नका, तपासणीची तारीख मागा.

कायदा देशागणिक बदलतो. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, भाडेकरूने घर घेतलं तेव्हाच्या स्थितीत सांभाळायचं असतं, पण वापराने होणारी साधारण झीज त्याच्या माथी येत नाही. आणि जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. "बांधलेला आहे" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती बांधिलकी कुठून येते, करारातून की स्थानिक भाडेकायद्यातून, ते आधी पाहावं लागतं. जर्मनीच्या नागरी संहितेत कलम ५३६ प्रमाणे घरात दोष असेल तर त्या प्रमाणात भाडं कायद्यानेच कमी होतं, पण भाडेकरूने दोष लगेच कळवायला हवा. तिथल्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये असंही सांगितलं की जुन्या घराच्या भिंती थंड पडतात, पण घर बांधताना लागू असलेल्या नियमांत ते बसत असेल, तर एवढ्यावरून तो दोष ठरत नाही.

इंग्लंडची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मालकांचं वाक्य तिथे वर्षानुवर्षं चाललं. १९८५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयासमोर एक घर आलं. धातूच्या चौकटींच्या खिडक्या, थंड काँक्रीटच्या तुळया, भिंतींवरून ओघळणारं पाणी, कुजलेलं सामान. न्यायालयाने म्हटलं, यात काही मोडलेलं नाही, म्हणून दुरुस्तीची जबाबदारी लागू होत नाही. घर राहण्यालायक उरलं नव्हतं, पण मोडलेलं काहीच नव्हतं. ही फट बुजवायला २०१८ चा कायदा यावा लागला. त्याने घर राहण्यायोग्य असण्याचीच अट घातली आणि ओल त्या कसोटीत धरली. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल इथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, आणि त्यांना सांगण्यात आलं होतं की वरून रंग मारा. आता त्या मुलाच्या नावाने ओळखले जाणारे नियम ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना लागू झालेत: तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कारवाई, आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी. तुम्ही त्या देशात नसाल, तरी "दहा दिवसांत येऊन बघा" ही मागणी कुठल्याही मालकापुढे ठेवण्याइतकी वाजवी आहे.

मुलीच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ओलसर घरं आणि दमा, खोकला, श्वसनाचे त्रास यांचा संबंध स्पष्ट मांडला आहे. बुरशीची सुरक्षित पातळी म्हणून एखादा आकडा मात्र त्यात दिलेला नाही. म्हणून बुरशीची जात ओळखायला प्रयोगशाळेत नमुने पाठवण्यात मी सहसा पैसे घालवू देत नाही. काळी म्हणजे विषारी आणि पांढरी म्हणजे निरुपद्रवी, असं रंगावरून ठरत नाही. जात कुठलीही निघाली तरी उपाय तोच आहे: पाणी बंद करणं आणि बुरशी काढून टाकणं. तोवर मुलीची झोपायची जागा त्या खोलीतून हलवा.

कोपरा तुम्हीच साफ करू शकता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्ल्यानुसार साधारण एक चौरस मीटरपेक्षा कमी भाग असेल तर घरच्यांनी साफ केला तरी चालतो. आधी फोटो काढा. मग एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा, दार बंद, खिडकी उघडी. कोरड्या झाडूने झटकू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळवा. ब्लीचची गरज सहसा नसते. वापरलंच तर त्यात अमोनिया किंवा ॲसिड असलेलं कुठलंही द्रव्य मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. मेलेली बुरशीही त्रास देते, म्हणून ती पुसून काढणं मारण्यापेक्षा महत्त्वाचं. कपाट भिंतीपासून हातपंज्याएवढं पुढे घ्या, शक्यतो आतल्या भिंतीशी न्या. आंघोळीनंतर पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि बाथरूमचं दार खोलीकडून मिटलेलं असू द्या. हे सगळं केल्याने तुम्ही चूक कबूल केली असं होत नाही. महिनाभर हे नीट करूनही कोपरा पुन्हा काळा झाला, तर तो तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा असेल.

बाथरूमच्या भिंतीला मात्र तुम्ही हात लावू नका. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, तर उगम शोधायच्या खुणा पुसल्या जातात. मालकांनाही हेच सांगा, आणि हवं तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. पाइप दुरुस्त झाल्यावरही भिंत लगेच वाळत नाही. दर इंचभर जाडीला साधारण महिना धरावा लागतो. त्याआधी रंग मारला तर तो पुन्हा सुटणार, आणि तेव्हाही बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल.

डिपॉझिटबद्दल माझं मत असं. बाथरूमच्या भिंतीचा एक पैसाही तुमच्याकडून कापला जाऊ नये, गळती तुमच्या हातून झालेली नसेल तर. कोपऱ्याचा खर्च आर्द्रतेच्या नोंदी आल्याशिवाय कोणावरच टाकू नये. घरात येताना काढलेले फोटो असतील तर ते शोधून काढा. नसतील तर घर देतानाचे फोटो किंवा आधीच्या भाडेकरूच्या वेळची रंगकामाची तारीख मालकांकडे मागा. हल्लीच मारलेल्या रंगाखाली जुना डाग सापडतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की पोपडा उचलून त्याच्या मागची बाजू पाहणं ही माझी सवय झाली आहे. तुम्हीही एक सुटलेला पोपडा जपून एका पाकिटात ठेवा. त्यात रंगाचे थर मोजता येतात आणि प्रत्येक थरामागे डाग होता का तेही दिसतं.

मीटरचे रात्रीचे आणि सकाळचे आकडे, फॉइलचे दोन फोटो आणि दोन आठवड्यांच्या आर्द्रतेच्या नोंदी एवढं जमलं की मला पुन्हा लिहा.